तुमचा चर मीच बुजवला, ताई

द्वारकाताई,

अकोल्याच्या तुमच्या पक्षीवाल्या मॅडमनं मले काम लावलं हाये. म्हणे, "वहिनी, ताईंवर दोन पानं लिहून द्या, आमच्या मंडळाच्या अंकात छापतो." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, मले किराण्याची यादी लिहाची सवय. तं म्हणे, "जसं बोलता तसंच लिहा." आता मी जशी बोलते तसं छापलं तं त्यायचा अंक कोणी घरात ठेवन का?

अन् लोकायले सांगू तरी काय? द्वारकाताई लय प्रेमळ होत्या, मुक्या जीवायवर माया कराच्या, असं? ते लिहाले बाकीचे बसले हायेत. माहं तं भांडण हाये, अन् ते तुमच्याशी हाये. म्हणून तुमालेच लिहून राहिली. ज्याले वाचायचं त्यानं वाचावं.

हाताले आलेल्या फोडायचे घट्टे झाले हायेत. पेन नीट धरता येत नाही. तेही तुमच्याच पायी.

चोवीस वर्सं तुमी माह्या घरात राहिल्या. मी "माह्या घरात" म्हटलं की तुमी लगेच म्हणाच्या, "माह्या बापाच्या घरात." बरं, तुमच्या बापाच्या घरात. नवरा गेल्यावर अचलपूरहून एक पेटी घेऊन आल्या, तवा मी चुलीपुढं बसली होती. तुमी पेटी ठेवली, हात धुतले, अन् माह्या हातातला उंडा ओढून घेतला. "एवढी जाड भाकर कोण खाते वं, सुमन?" तिथून जे सुरू झालं ते गेल्या पौषापर्यंत. भाकरीवरून भांडलो, गायीवरून भांडलो, टीव्हीच्या आवाजावरून, दार उघडं ठेवण्यावरून. एवढं भांडलो, पण जे भांडण पुरं भांडाले पाहिजे होतं, तेच नेमकं अर्धं राहिलं.

त्याच्यात चूक कोणाची, ते तुमी सांगू नका. आधी ऐकून घ्या. एकडाव तरी मधात न बोलता ऐका.

वाचणाऱ्यायसाठी थोडं सांगा लागते. धरण झालं तवा आपलं नदीकाठचं वावर पाण्यात गेलं. पण बुडालेलं वावर मरत नाही. माघात पाणी उतरू लागलं की ते उलीसं उलीसं वर येते. आधी धुऱ्याचा, म्हणजे हद्दीचा काळा दगड, मंग बांध, मंग सगळी काळी पाठ. ज्यायचं ज्यायचं बुडालं, ते सगळे उन्हाळ्यात आपापला दगड ओळखतात अन् त्या गाळात टरबुजं, डांगरं लावतात. गाळपेर म्हणतात त्याले. कोणी कोणाच्या दगडापलीकडे पाय टाकत नाही. आठ महिने पाण्याखाली असलेल्या धुऱ्यावरूनही आमच्याकडे डोकी फुटतात.

आपलं वावर जिभेसारखं लांब, अन् टोकाले टेकाड. पावसाळा-हिवाळा टेकाडाच्या चारही अंगाले पाणी, म्हणजे बेटच. उन्हाळ्यात जीभ उघडी पडते अन् मंग टेकाडावर पायी जाता येते.

तुमी शिवरात्र झाली की रोज सकाळी पावडं खांद्यावर टाकून निघाच्या. दोन तास जाणं, दोन तास येणं. कुठी चालल्या म्हटलं तं, "पाखरं पाहाले." पाखरं पाहाले पावडं कायले लागते? हे मी सगळ्या गावाले विचारून झालं, एक तुमाले सोडून.

मंग चार वर्सांमागं मी टरबुजाची जागा पाहाले गेली, तं काय दिसलं? जीभ जठी टेकाडाले लागते, तठी आडवा चर. कमरेएवढा खोल. इकडच्या पाण्यापासून तिकडच्या पाण्यापर्यंत. अन् पलीकडच्या अंगाले बाभळीच्या काट्यायचं कुंपण, चांगलं दाबून बसवलेलं. माह्या डोक्यात एकच गोष्ट आली. आपल्या गावातल्या कोणत्याही भावजयीच्या डोक्यात तीच आली असती. नणदेनं बापाच्या वावरात हिस्सा पाडला.

घरी आली तं तुमी ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी चपलाही काढल्या नाहीत.

"हिस्सा पाहिजे तं तोंडानं मागा नं ताई. चोरून धुरा कायले टाकता?"

तुमच्या हातातलं सूप थांबलं. तुमी माह्याकडे पाहिलं. मले वाटलं आता रडतीन. कायचं रडता तुमी.

"टाकला धुरा," तुमी म्हणाल्या. "काय करतं?"

"म्हणजे हिस्सा पाहिजेच?"

"वावर माह्या बापाचं हाये. तुह्या बापाचं नाही."

झालं. तीन दिवस बोलणं बंद. वाढतानी ताट आदळणं चालू. तुमचे भाऊ मधी पडले, म्हणे, "राहू दे वं, टोकाची वीस पावलं जमीन, तीही वर्साचे चार महिने. तिच्या बापाचंच तं हाये." पण मीही कोण, अन् तुमीही कोण.

आता मले सांगा, "कुत्र्यायसाठी खोदला" एवढे दोन शब्द तुमच्या तोंडातून निघत नव्हते? मी टोमणा मारला, कबूल हाये. पण टोमण्याचा राग चार वर्सं धरते का कोणी? अन् धरून वरतून खोटं बोलते, की हो, टाकला धुरा? मले चिडवाले स्वतःवर चोरीचा आळ घेतला तुमी. अशी हेकट बाई मी दुसरी पाहिली नाही, अन् मी आरशात रोज पाहते.

खरं सांगा लागन तं, त्याच्या लय आधी तुमी एकडाव सांगून पाहिलं होतं. मी स्वयंपाक करून राहिली होती. तुमी उंबऱ्यावर बसल्या, पायाचा गाळ खरडत. म्हणाल्या, "सुमन, चाल नं माह्यासंग एक दिवस. तठी बारक्या खड्यायमधीच अंडी घालतात वं ते पाखरं. काडी नाही, कापूस नाही. तुले दाखवते." मी म्हटलं, "अंड्यायचं राहू द्या, आधी पाय धुवा, सगळं घर भरवलं." तुमी पाय धुतले. परत कधी चाल म्हटलं नाही.

ते मी विसरली होती. आता विसरता येत नाही.

पौषात तुमाले चार दिवस ताप आला. अकोल्याले नेलं, अन् तठून झाकूनच परत आणल्या. सगळं एवढ्या लवकर झालं की भांडण मिटवाचं कोणाले सुचलंच नाही.

माघात वावर वर आलं. मी अन् तुमचे भाऊ गेलो. तुमचा चर पावसाळ्याच्या गाळानं अर्धा भरला होता, बाकीचा आमी दोन दिवसात भरला. वरून फळी फिरवली. काट्यायचं उरलंसुरलं कुंपण ओढून एका जागी केलं, वाळवून पेटवलं, अन् त्याच जाळावर चहा ठेवला. मी म्हटलं, "चला, वावर एक झालं." तुमच्या भावानं अर्धा चहा मातीत ओतला. मले वाटलं साखर कमी पडली.

त्या जागेवर मी टरबुजं लावली. अशी लागली, अशी लागली, की रस्त्यानं जाणारा थांबून पाहे. मी मनात म्हटलं, पाहा ताई, तुमचा हिस्सा कसा पिकला.

मंग चैत्रात मॅडमचा फोन आला. "वहिनी, दरवर्षी ताई आम्हाला वाट दाखवायच्या. यंदा तुम्ही याल का?" मले तसंही टरबुजाकडे जाचंच होतं. म्हटलं, या.

अकोल्याहून चार जणं आले. टोप्या काय, दुर्बिणी काय, पाठीवर पिशव्या, जसं काही हिमालयात चालले. तुमीच लावलेली सवय, सकाळी साडेपाचले धरणाच्या भिंतीवर हजर. भिंतीवरून टेकडी चढाची, सालईच्या झाडायमधून पलीकडे उतराचं, कोरडा नाला, अन् मंग तो भेगा पडलेला गाळ, जठी पाय मुरगळला की संपलं. त्यायच्यातला एक जाडा साहेब दर वळणावर विचारे, "काकू, अजून किती?"

"तो दगड दिसते का?"

"कोणता?"

"दिसत नाही नं? तठीच जाचं हाये."

मंग नाही विचारलं त्यानं. एक पोरगी म्हणे, "काकू, इथे वॉशरूम?" म्हटलं, बाई, एवढा डोंगर पडला हाये, जो आवडन तो दगड घे.

मॅडम माह्यासंग चालत होत्या. त्या तुमच्या गोष्टी सांगाले लागल्या, अन् मी ऐकतच राहिली. धरण झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तुमी अचलपूरहून बापाचं वावर पाहाले आल्या होत्या म्हणे, अन् टेकाडावर पायाखाली अंडं येता येता राहिलं. त्या पाखरायले सुरय म्हणतात, हे मॅडमनं तुमाले सांगितलं, अन् ती पाखरं कधी उतरतात, कुठी बसतात, हे तुमी त्यायले सांगितलं. त्या पाखरायचे भाऊबंद समुद्रातल्या बेटायवर अंडी घालतात म्हणे. लोक बोटीनं जातात, डोंगर चढून पाहतात. तुमी त्यायले विचारलं होतं, "मले नेसान का एकडाव?" अन् यंदाचं ठरलंही होतं.

मले हे कोणाच्या तोंडून कळून राहिलं? अकोल्याच्या बाईच्या. चोवीस वर्सं ज्या घरात जेवल्या, तठी कोणाले माहीत नाही की तुमाले समुद्र पाहाचा होता. तिले सगळं सांगितलं, अन् आमाले फक्त "पाखरं पाहाले." मले भल्ली आग लागली, ताई. तुमी समोर असत्या तं त्या डोंगरावरच उभं केलं असतं तुमाले.

अन् मंग आमी वावरात उतरलो.

मॅडम टरबुजाच्या वेलाजवळ थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"वहिनी, चर कुठं गेला?"

"कोणता चर?" मी म्हटलं, जसं काही मले माहीतच नाही.

"ताईंचा. कुत्र्यांसाठी खोदायच्या तो. पाणी उतरलं की कुत्री नि कोल्ही बेटावर जातात ना, म्हणून. काटेही दिसत नाहीत."

मी खाली पाहिलं. वेलायच्या मधून पावलायची रांग गेली होती. मी पाणी दिलेल्या गाळात कुत्र्यायचे पंजे उमटले होते अन् वाळून पक्के झाले होते. एकाचे नाही, तीन-चारायचे. सरळ टेकाडाकडे.

"कोणी बुजवला?" मॅडमनं विचारलं.

"म्या."

त्यायनं वाकून त्या पंजायवर बोट ठेवलं. चार शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. तुमी दिल्या असत्या.

टेकाडावर सगळे नाही गेलो. मॅडम अन् मी, अन् तेही उलीसंच. पाखरं डोक्यावर आली. काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, कात्रीसारखी शेपटी. ओरडून ओरडून कान किटले. एकानं तं माह्या डोक्यावर असा टोचा मारला की पदर सरकला. खाली खड्यायमधी टरफलं. ठिपके ठिपके असलेली, फुटलेली. मी मोजली नाहीत. मॅडमनं मोजली, अन् मंग वही बंद केली.

"चला लवकर," त्या म्हणाल्या. "ज्यांची अंडी वाचलीत त्यांना बसू द्या. उन्हात अंडं उघडं राहिलं तरी जातं."

खाली आल्यावर म्हटलं, "आता?"

"ज्यांची गेली त्यातली काही पुन्हा घालतील, आठ-पंधरा दिवसांत. पण कुत्री आली तर तीही जातील. आणि यंदा एकही पिल्लू निघालं नाही, तर पुढच्या वर्षी इथं येतील की नाही, सांगता येत नाही."

म्हणजे तुमी एवढी वर्सं जे राखलं, ते मी दोन दिवसात अन् एका चहात संपवलं असतं.

घरी येऊन मी तुमचं पावडं शोधलं. कोठ्यात तुरीच्या पोत्यामागं होतं, धुऊन पुसून ठेवलेलं. तुमच्या भावाले सांगितलं. सगळं सांगितलं, कुत्रे, टरफलं, सगळं. ते खाटेवर टेकले. मंग म्हणाले, "टरबुजं?"

"उपटाचे."

"सुपारीएवढे होते तवा पाहिले होते मी. आता नारळाएवढे झाले असतीन."

"मंग नारळाएवढे उपटाचे."

दुसऱ्या दिवशी उजाडाच्या आत निघालो. पहिला वेल मीच उपटला, नाही तं त्यायचा हात उचलला नसता. मंग खोदाले लागलो. माघात माती टाकली ती वरतून दगडासारखी झाली होती, खालून चिकट. पाणीही तवापेक्षा लय खाली गेलं होतं, म्हणून चर तुमच्यापेक्षा खोल करा लागला. तुमी हे एकटीनं कसं कराच्या? गुडघे दुखतात म्हणून घरी मोरीतली बादली उचलत नव्हत्या, अन् अठी कमरेएवढा चर? मी किती दिवस म्हटलं होतं, ताई, मोरीचं पाणी दारात येते, उलीसा चर काढा. "जमत नाही," म्हणाच्या. कसं जमन? सगळा जोर अठी.

अन् तुमच्या पावड्याचा दांडा. एवढा आखूड, की माही कंबर मोडली. तुमच्या उंचीचा केलेला. मी दहा वेळा म्हटलं, हा दांडा मी बदलून टाकते.

दुसऱ्या दिवशी दुपारी इकडचं पाणी चरात आलं. लाल-काळं, गढूळ, हळू हळू. तिकडूनही आलं. मधात भेटलं. तुमच्या भावानं टिकास टेकवली अन् पाण्याकडे पाहत उभे राहिले.

"मी तरी तिले एकडाव विचाराचं होतं," ते म्हणाले.

मी कुऱ्हाड उचलली. उगी भांडण कायले? बाभळीचे काटे तोडाले गेली. तुमचे काटे जाळून चहा पिली होती नं, तं पुरे काटे हाताले लावून घेतले. फिटलं नाही, ते मले माहीत हाये.

मंग दर दोन दिवसानं जात राहिली. काटे सरकले का पाहाले, म्हणून जात होती. पाखरं पाहाले नाही. मॅडमनं एक जुनी दुर्बीण देऊन ठेवली होती, ती गळ्यात घातली तं तुमचे भाऊ हसले. मी म्हटलं, हसा.

टेकडीवर सालईखाली बसलं की बेट बरोबर दिसते. ज्यायची अंडी गेली होती, ती पहिले आठ दिवस नुसती उडत राहिली. मले वाटलं, गेलं सगळं. मंग एक बसली. मंग तिच्या बाजूले दुसरी. वैशाखातल्या अखाजीपर्यंत बऱ्याच जणी बसल्या होत्या. उन्हानं डोळे जळत होते, अन् त्या तशा उघड्या खड्यावर.

एक दिवस पाहिलं, एक पाखरू उठलं, पाण्यावर गेलं, पोट पाण्यात बुडवलं, अन् तसंच ओलं येऊन अंड्यावर बसलं. परत गेलं, परत ओलं होऊन आलं. दुपारभर तेच.

ताई, मले ऊन लागलं होतं त्या वर्सी तुमी काय केलं होतं? विहिरीवर जाऊन अख्खं लुगडं भिजवून आणलं अन् माह्यावर टाकलं. वाळलं की परत. दिवसभर विहीर अन् खाट, विहीर अन् खाट. मी तापात म्हणत होती, "भिजवून माराले पाहता का?" अन् तुमी म्हणाल्या होत्या, "चूप पड." तं हे तुमी तठून शिकल्या होत्या का? मले तवाच सांगाचं होतं. मी ऐकलं असतं. नसतं ऐकलं कदाचित. पण सांगाचं होतं.

काल पिल्लं दिसली. मातीच्या रंगाची, चालली तरच दिसतात. माह्या दुर्बिणीत सात आली, मॅडम म्हणे अजून असतीन. चराच्या अलीकडे दोन कुत्रे आले होते. पाण्याजवळ उभे राहिले, काट्यायकडे पाहिलं, अन् उलटे फिरले. मी टेकडीवरून त्यायले अशी शिवी हासडली की सालईतले माकडं पळाले. मॅडम म्हणतात अठी शांत बसायचं असते. तुमी शांत कशा बसाच्या, मले तेही समजत नाही.

मॅडम विचारून राहिल्या, ताईंच्या जागी तुम्ही समुद्रावर येता का, ते बेट पाहाले. मी म्हटलं, पाहू. आधी आमचं बेट निभू द्या. पण जाईन बहुतेक. तुमी पाहाचं ठरवलं अन् मी पाहून आली, याचा तुमाले जो राग येईन, तो मले चालन.

आता ऐका. दरवर्सी धुऱ्याचा काळा दगड पाण्यावर दिसला की चार दिवसात मी चर खोदीन. कमरेएवढा. काटे टाकीन. टरबुजं अलीकडे लावीन, पलीकडे एक वेलही नाही. मोठ्या सुनेले घेऊन जाईन अन् तिले आधीच सांगीन कायचा चर हाये, ती टोमणा माराच्या आत. माहे गुडघे गेले तं ती खोदन. पाखरायचे नावं मात्र मी पाठ करणार नाही, ते तुमी अन् मॅडम पाहून घ्या.

पावड्याचा दांडा तोच हाये. सुताराकडे नेला होता, तशीच परत आली.

तुमची भावजय,
सुमन